गीझर ‘घरच्या घरी’ जोडण्याचा सल्ला आणि त्यातील चुका

थंडीची चाहूल लागली की घोडबंदर रस्त्यावरील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. अमेरिकेत लोक घर तापवणाऱ्या गॅस फर्नेसचा (भट्टीचा) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा स्विच, स्वतःच्या हाताने बदलतात, मग आपण बाथरूममधल्या गीझरला का घाबरावे, असा त्याचा सूर असतो. पुढे चार सल्ले येतात: थर्मोस्टॅट स्वतः बदलावा, एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास उडणारा स्विच) असताना आरसीसीबीवर (विजेची गळती ओळखून उडणाऱ्या स्विचवर) खर्च करू नये, अर्थिंगची तार नसल्यास सॉकेटमध्येच अर्थिंगची पिन न्यूट्रलला (प्रवाह परत नेणाऱ्या तारेला) जोडावी, आणि कटआउट (पाणी फार तापल्यास पुरवठा तोडणारा स्विच) सारखा उडत असेल तर तो ‘डायरेक्ट’ करावा, म्हणजे त्याला वगळून तारा थेट जोडाव्यात. लिहिणाऱ्याला विजेची थोडीफार माहिती आहे, हे प्रत्येक सल्ल्यात जाणवते, आणि वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्यामुळेच.

फर्नेसची तुलना मुळातच चुकीची आहे. तिकडे भिंतीवरील थर्मोस्टॅटच्या तारांत साधारणतः २४ व्होल्ट असतात, कारण फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा दाब तिथवर उतरवतो. तो थर्मोस्टॅट ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन तारा जोडून केवळ ‘उष्णता हवी’ एवढा निरोप देतो; धूर बाहेर काढणारा पंखा चालला की नाही हे पाहणे, ज्योत पेटवणे आणि गॅसची झडप उघडणे ही कामे फर्नेसमधील नियंत्रक करतो. आपल्या गीझरच्या थर्मोस्टॅटमधून मात्र २३० व्होल्टवर संपूर्ण भार वाहतो, म्हणजे २ किलोवॅटच्या गीझरला जवळजवळ ९ अँपिअर आणि ३ किलोवॅटच्या गीझरला १३ अँपिअर. शिवाय तो बहुधा एकच तार तोडतो. सॉकेटमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील, तर थर्मोस्टॅटने पाणी तापवणे थांबवल्यावरही एलिमेंटमध्ये (पाणी तापवणाऱ्या सळईत) फेज शिल्लक राहतो. फर्नेसच्या २४ व्होल्टच्या तारांचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

एमसीबीविषयीचा सल्ला अर्धा बरोबर आहे, कारण तारा तापून आग लागू नये हे काम एमसीबी चोख करतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नव्हे. ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ उडण्यासाठी ८० ते १६० अँपिअरचा प्रवाह लागतो. ओल्या अंगातून जाणारा प्रवाह जीवघेणा असूनही मिलिअँपिअरमध्येच मोजावा लागतो, त्यामुळे एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेळात पुरवठा तोडतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार चढतात, त्याचे आवरण तडकते आणि ओल आत शिरून विजेची गळती सुरू होते. गीझर तरीही पाणी गरम करत राहतो, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही. उलट बाजूने, आरसीसीबी जादा भार ओळखत नाही. दोन्ही लागतात.

तिसऱ्या सल्ल्याची मला खरी भीती वाटते. वीज कंपनी ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडतेच, तर तोच जोड घरात केल्याने काय बिघडले, हा युक्तिवाद ऐकायला पटतो. परंतु न्यूट्रल ही प्रवाह परत नेणारी तार आहे, आणि जुन्या इमारतीच्या ओलसर मीटररूममध्ये तिचा एखादा जोड गंजून सुटला, की घरात चालू असलेल्या कोणत्याही दिव्यातून किंवा फ्रीजमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर उतरतो. सॉकेटमधील त्या दोन इंचांच्या तारेमुळे तोच फेज गीझरच्या टाकीवर आणि शॉवरच्या पाण्यात येतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर न्यूट्रल तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. एमसीबी दोन्ही वेळा शांत असतो. घरात अर्थिंग खरोखर असताना हा जोड केला, तर आरसीसीबी वारंवार उडेल, आणि मग वैतागून तोच काढला जाईल. दुसरा आणि तिसरा सल्ला असे एकमेकांची सोय पाहतात.

संदेशाच्या एका आवृत्तीत न्यूट्रलऐवजी पाण्याच्या पाइपला अर्थिंग जोडायला सांगितले आहे. नव्या इमारतींत पाइप प्लास्टिकचे असतात, म्हणजे अर्थिंग कुठेच पोहोचत नाही. जुन्या लोखंडी पाइपांत ते खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या नळापर्यंत पोहोचते. वाशी-नेरूळकडील जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून आधी तपासून घ्यावे, आणि नसल्यास मीटररूममधील अर्थिंगपासून स्वतंत्र तार ओढून घ्यावी.

कटआउट ‘डायरेक्ट’ करण्याविषयी थोडक्यात. थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी तापतच राहिले, तर पुरवठा तोडणारा तो दुसरा पहारेकरी आहे. त्यामुळे तो सारखा उडणे हे बहुधा थर्मोस्टॅट बिघडल्याचे लक्षण असते. त्याला वळसा घातला की उरते ती फक्त दाब सोडणारी झडप, आणि तीही क्षारांनी बुजलेली असेल तर ८ बार दाब सहन करणाऱ्या टाकीतले पाणी १०० अंशांवर न उकळता १७० अंशांपर्यंत तापू शकते. गंमत अशी, की ज्या फर्नेसचा दाखला दिला जातो त्यातही असाच लिमिट स्विच असतो.