सेंट पॉल म्हणे मुद्दाम जाळलं!

लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलवर एक फॉरवर्ड फिरतोय, की ते शांत, अस्सल गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचं) चर्च होतं, १६६६ च्या आगीत त्याचा उंच मनोरा कोसळला, आणि दगड काही जळत नाही, म्हणजे वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनला घुमट बांधायला मिळावा म्हणून हे घडवून आणलं. बरं, एकेक बघू.

१६६६ ला मनोरा होताच कुठे? लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे असलेला तो मनोरा ४ जून १५६१ ला वीज पडून जळाला. छप्पर नवं घातलं, मनोरा परत चढवलाच नाही. शंभर वर्षं वर नुसता बोडका चौकोनी बुरूज.

अस्सल गॉथिक म्हणाल तर १६३० च्या दशकात वास्तुविशारद इनिगो जोन्सने बाहेरून रोमन थाटाचं कवच चढवलं आणि पश्चिमेच्या दारापुढे कोरिंथियन खांबांची भलीमोठी पडवी बांधली, आत जुन्या गोल नॉर्मन कमानी तशाच. धोतरावर कोट-टाय!

आणि शांतता? मधलं लांबलचक दालन म्हणजे अख्ख्या शहराचा शॉर्टकट. १५५४ मध्ये नगरपालिकेला चक्क कायदा करावा लागला की बिअरची पिंपं, माशांच्या टोपल्या आणि खेचरं चर्चमधून नेऊ नका. एका दारावर नोकरीच्या चिठ्ठ्या डकवलेल्या, खांबापाशी वकील अशील गाठतायत, आणि ज्यांच्याकडे जेवायला पैसे नाहीत ते ड्यूक हम्फ्री नावाच्या जुन्या राजपुत्राच्या थडग्याजवळ घुटमळतायत, आणि गंमत म्हणजे ते थडगंही त्याचं नव्हतंच, भलत्याच सरदाराचं होतं. राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात तर पार्लमेंटच्या घोडदळाने आत घोडे बांधले.

आता दगड जळत नाही हा मुद्दा. दगड नाही हो, पण छपराचे वासे लाकडाचे, आणि दुरुस्तीसाठी बाहेर लाकडी परांची बांधलेली, ४ सप्टेंबरला तिनेच पेट घेतला. शिसं वितळून रस्त्यावरून वाहिलं. खाली तळघरात सेंट फेथचं चर्च होतं, तिथे आजूबाजूच्या पुस्तकवाल्यांनी सेफ समजून माल कोंबला होता, तोही खाक.

रेनने घुमट आगीआधीच सुचवला होता हे मात्र खरंय, पण तो जुन्याच इमारतीच्या दुरुस्तीत, बुरुजाच्या जागी. बरं, आगीनंतरही लगेच पाडापाडी नाही केली, उरलेल्या भिंतींनाच डागडुजी चालली होती. १६६८ मध्ये त्यातलाच एक भाग कोसळला तेव्हा कुठे नवीन बांधायचं ठरलं, आणि काम सुरू व्हायला १६७५ उजाडलं.