थोडंसंच औषध म्हणे!

दीडशे रुपये किलो! भेंडी! शनिवारी आमच्या गेटवर तो 'सेंद्रिय' टेम्पो उभा असतो ना, त्याच्याकडून मी, अतिशहाणीने, अर्धा किलो घेतली. टेम्पोवर हिरवं पान, भाजी कागदी पिशवीत. घरी पिशवी उघडली तर भसकन वास. पेस्ट कंट्रोलवाला नुकताच येऊन गेल्यासारखा. तशीच खाली गेले. टेम्पोतला पोरगा शांतपणे म्हणतो, "काकू, ऑरगॅनिकच आहे. थोडंसंच औषध मारलंय."

एक तर काकू. आणि औषध कसलं रे? भेंडीला ताप आला होता? डब्यावर लाल त्रिकोण, कवटी, विष असं छापलेलं, आणि आपण आपले औषध, औषध! २०१७ साली यवतमाळात हेच फवारताना मजूर दगावले, तरी शब्द औषधच. मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक भाजीवर मारायला २००५ पासून बंदी आहे. भेंडीला कोणी कळवलंय का?

२०१० साली युरोपने आपली द्राक्षं अडवली, क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून. तिकडे प्रयोगशाळा. इकडे मी, पातेलं आणि खाण्याचा सोडा. वर नणंद फोनवर सांगते, "सोडा नाही, व्हिनेगर घाल." घालते हं.

जुन्नरचा चुलत दीर भेंडी लावतो, त्याच्यावरच राग काढला. म्हणाला, "वहिनी, भेंडीचा तोडा दिवसाआड. फवारून औषध उतरेपर्यंत आठवडा थांबलो तर सगळी जून होते, वाशीत कोण घेणार? आणि अळी निघाली तर तुम्हीच बोंबलता."

गप्प बसले. कारण गेल्याच आठवड्यात जांभळी नाक्यावर, फ्लॉवरमध्ये एक, एकच अळी निघाली म्हणून मी भाजीवालीशी भर बाजारात भांडून वीस रुपये परत घेतलेत. ती बिचारी सांगत होती, "अळी आहे म्हणजे औषध नाय मारलं, ताई." ताई म्हणाली, तरी भांडले. आणि गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पांढरी कीड पडली तेव्हा झुरळांचा स्प्रे कोणी मारला होता? मीच. दोन दिवसांनी त्याचीच फोडणी.

भेंडी आत्ता तिसऱ्यांदा मिठाच्या पाण्यात आहे. चिरताना तारा सुटतील त्या सुटतील. पंचाहत्तर रुपये मोजलेत, टाकणार नाही.