धर्माच्या रकान्यात काय लिहायचे?

26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका महिलेचे अपील फेटाळले. तिचा बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणे नियमित. पण सरकारी नोकरीसाठी अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र हवे म्हणून आपण हिंदू असल्याचा दावा. केवळ आरक्षणासाठी असा दावा करणे ही राज्यघटनेची फसवणूक ठरते, असे न्यायालयाने म्हटले. हा विषय निघाला की परदेशात राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा सूर चढतो. कागदावर एक आणि रविवारी दुसरे, हे शास्त्रात बसत नाही म्हणे. बसत नाहीच. पण जर्मनीत बसून हे सांगणाऱ्याने आधी आपली पगाराची पावती काढून पाहावी.

जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे रोमन कॅथलिक किंवा एव्हांगेलिश (म्हणजे तिथले अधिकृत प्रोटेस्टंट) लिहिले की ती नोंद आपोआप करखात्याकडे जाते आणि पहिल्याच पगारातून चर्च टॅक्स कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग या दोन राज्यांत प्राप्तिकराच्या 8 टक्के, बाकी सगळीकडे 9 टक्के. पगाराच्या नव्हे, कराच्या टक्के. इथेच पुष्कळांची गल्लत होते आणि आकडा ऐकूनच घाबरायला होते. समजा वर्षाचा प्राप्तिकर 6,000 युरो आहे. 9 टक्क्यांनी 540, म्हणजे महिन्याला 45 युरो. ही रक्कम वार्षिक विवरणपत्रात पूर्ण वजा होते, त्यामुळे ज्याचा शेवटचा कराचा टप्पा 30 टक्क्यांच्या आसपास आहे त्याला 160 युरो परत मिळतात. उरले 380. मुले असतील तर आणखी कमी. गावी दशमांशावर (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्यावर) प्रवचने ऐकत वाढलेल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटायला हवी.

तरीही नव्याने आलेल्याला जुने लोक पहिला सल्ला देतात तो हाच, रकाना मोकळा सोड. कोण विचारतंय?

विचारतात. कॅथलिक चर्चच्या लेखी बाप्तिस्मा जगात कुठेही झाला असला तरी माणूस सभासदच असतो, त्यामुळे रकाना मोकळा सोडल्याने देणे टळत नाही. बर्लिनमध्ये तर बाप्तिस्म्याची चौकशी करणारी प्रश्नावली घरी येते. एरवी गाठ पडते ती मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी. धर्मग्रामाचे (पॅरिशचे) कार्यालय नोंदवही उघडते आणि आईबापांची नावे तिथे नसतात. कुणाचे धर्मपिता (गॉडफादर) व्हायचे तर आपल्या धर्मग्रामाचा दाखला लागतो. तो मिळत नाही. नंतर नोंद दुरुस्त करायला गेले की मागच्या वर्षांचीही आकारणी होऊ शकते.

सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या) सभासदाचे गणित वेगळे. तो परदेशात बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट, म्हणून त्याने स्वतः एव्हांगेलिश असे नोंदवले की स्थानिक चर्चचा सभासद होतो. पेंटेकॉस्टल किंवा स्वतंत्र मंडळीतून आलेल्यांची फसगत याच खिडकीवर होते. कारकून विचारतो, कॅथलिक की एव्हांगेलिश? आपण कॅथलिक नाही, एवढेच ठाऊक असलेला माणूस दुसऱ्याला मान डोलावतो आणि ज्या चर्चमध्ये कधी पाऊल टाकणार नाही त्याचा सभासद होऊन बसतो. बाहेर पडायला मग राज्याप्रमाणे दिवाणी न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याचे निवेदन द्यावे लागते, बहुतेक राज्यांत शुल्कही भरावे लागते. अशांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे: स्वतंत्र मंडळी, कर नाही. या मंडळ्या बहुतांशी ऐच्छिक देणग्यांवर चालतात आणि रकान्यात त्यांचे नाव नसणे हे खोटे नव्हे.

चर्च टॅक्स शास्त्रात सांगितलेला नाही, हेही मान्य करायला हवे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला जबरदस्तीने नव्हे तर संतोषाने द्यायला सांगितले. पगारातून परस्पर कापलेल्या रकमेत संतोष शोधणे अवघड आहे. जर्मन बिशप परिषदेने 2012 मध्ये फर्मान काढले की जो अधिकृतपणे चर्च सोडतो त्याला ख्रिस्तप्रसाद नाही, प्रायश्चित्त संस्कार नाही. ते मला पटत नाही. पण 2022 या एका वर्षात 5 लाखांहून अधिक कॅथलिकांनी तिथे चर्च सोडले, तेही अधिकाऱ्यासमोर जाऊन, सही करून, परिणाम पत्करून. त्यांच्याशी भांडता येईल; त्यांना खोटारडे म्हणता येणार नाही. खोटा ठरतो तो, जो रकान्यात रेघ मारतो आणि रविवारी पुढच्या बाकावर बसून प्रसाद घेतो. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची बायबलमधली गोष्ट आपण मुलांना भीती घालायला वापरतो, पण प्रेषित पेत्राचे त्यातले बोलणे वगळतो. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता, असे तो हनन्याला सांगतो. पैसे ठेवून घेतले हा गुन्हा नव्हता, सगळे दिले असे भासवले हा गुन्हा होता.

आता गावाकडचा रकाना. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना अशी अट नाही, म्हणून आदिवासी ख्रिस्ती माणसापुढे हा पेच उभा राहत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागातल्या जुन्या मिशनच्या गावांत मात्र पूर्वीच्या महार-मांग घरांपुढे तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. रकान्यात ख्रिस्ती लिहिले की अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती जाते, राखीव जागा जाते, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही जाते. शेजारी मात्र जात विसरलेला नसतो. हिंदू लिहिले तर शाळा सोडल्याचा दाखला एक सांगतो आणि चर्चची बाप्तिस्मा व विवाहाची नोंदवही दुसरे. जात पडताळणीच्या दक्षता पथकाने घरी येऊन चौकशी केली की ही विसंगती उघडी पडते. प्रमाणपत्र रद्द झाले तर नोकरीही जाते आणि घेतलेल्या लाभाची वसुलीही होते.

दोन्ही रकान्यांत खोटे तेच आहे, किंमत तीच नाही. एकीकडे महिन्याचे 45 युरो, दुसरीकडे मुलीचे कॉलेज. हे मांडले की काही जण बायबलमधल्या नामानाचा दाखला देतात. अरामी सेनापती, इस्राएलाच्या देवाला मानू लागला, पण धनी रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी, असे तो अलीशा संदेष्ट्याला म्हणाला. अलीशा म्हणाला, शांतीने जा. या दाखल्यात दम आहे, मात्र अर्धाच. नामानाने आपले वाकणे लपवले नाही आणि त्यातून त्याला काही मिळणारही नव्हते. त्यामुळे खोट्या दाखल्याला या गोष्टीचा आधार घेता येत नाही. पण अडचणीत सापडलेल्या माणसाशी संदेष्टा किती कमी शब्दांत आणि किती नरमाईने बोलला, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आपल्या उपदेशकांनी जरूर पाहावे. अनुसूचित जातीच्या दर्जाचा धर्माशी असलेला संबंध तोडावा अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्येच केली होती. 2022 मध्ये याच प्रश्नाच्या तपासणीसाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. मागणी उघडपणे करण्याचा रस्ता आहे, तो लांब आहे, आणि तोवर फी दर वर्षी भरावी लागते.

म्हणून ज्याला रकान्यात खरे लिहिणाऱ्या मुलांची काळजी आहे त्याने फीला हातभार लावावा, आणि तोही नियमात बसवून. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. घेणाऱ्या संस्थेने पासपोर्टची प्रत ठेवावी. पासपोर्ट जर्मन झाला, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असले तरी, तुम्ही परदेशी स्रोत. तेव्हा रक्कम एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यायची, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यात. पाळकसाहेबांच्या वैयक्तिक खात्यात टाकून 'कुटुंबासाठी मदत' लिहायची पद्धत रूढ आहे. सापडले तर अडकतात ते पाळकसाहेब. जर्मनीत करसवलत हवी असेल तर थेट भारतातल्या संस्थेची पावती चालत नाही, तिथल्या मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेमार्फतच जावे लागते.