मी फोनवर बोलत नव्हतो

आज पहाटे सव्वातीनच्या सुमारास समृद्धी महामार्गावर मेहकर मागे टाकून कारंजा लाडच्या दिशेने जात असताना केबिनमधला कॅमेरा केकाटला आणि सकाळी ऑफिसातून फोन आला की, मी ट्रक चालवताना मोबाईलवर बोलत होतो. पुरावा म्हणून माझाच व्हिडिओ मला पाठवण्यात आला. त्यात माझे ओठ हलताना दिसतात. हातात फोन नाही, कानात काही नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. तरीही भत्त्यातून पाचशे रुपये कापले जातील, असे तिकडच्या मुलाने थंडपणे सांगितले. मी त्याला म्हणालो, "अरे, मी पाढे म्हणत होतो." तो हसला.

पाचशे रुपयांचे मी एक वेळ सोडून देईन, पण ते हसणे दुपार झाली तरी डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

बारावी नापास होऊन २००३ साली मी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. तेव्हा नागपूरचा माल धुळे-जळगाव-अकोला असा जुन्या सहा नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाने जात असे. एका रात्री खामगाव सोडल्यावर मला झोप लागली आणि जाग आली ती डावी चाके साइडपट्टीच्या खडीवर करकरल्याने. उस्तादांनी, म्हणजे गाडीच्या चालकाने, गाडी बाजूला घेतली, कॅनमधले पाणी तोंडावर मारले आणि मला एकही शिवी न देता म्हणाले, "पोरा, तू झोपलास म्हणून मी झोपलो. टायरची हवा बघणे, ताडपत्री बांधणे ही वरकामे झाली. तुझे खरे काम बोलण्याचे आहे. बोलत राहा, काहीही बोल." मी गाव सांगितले, शाळा सांगितली, बहिणीचे लग्न सांगितले, बाळापूर यायच्या आत सगळे विषय संपले. मग पाढे सुरू केले. एकोणतीसच्या पाढ्यात साताशी अडखळलो, तेव्हा चौथी शिकलेले उस्ताद समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "दोनशे तीन."

आज गाडीवर क्लीनर नाही. त्याचा पगार आणि जेवण वाचते, एवढा हिशेब मालकांना पुरला. कोवळ्या पोरांना या कामात राबवले जात असे आणि मीही मार खाल्ला आहे, हे खरे आहे. पण म्हणून माणूसच काढून टाकायचा आणि त्याच्या जागी कॅमेरा लावायचा? कॅमेऱ्यामुळे एखादा अपघात टळतही असेल, तेवढे मी मान्य करतो. परंतु बाजूच्या सीटवरचा माणूस जांभई पाहून तंबाखूची पुडी पुढे करतो, हा जांभई पाहून चहाडी करतो.

रस्ताही तसाच झाला आहे. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, गुळगुळीत आहे, वेळ वाचतो, याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणा ठरेल. मात्र त्या रस्त्याला गावे लागत नाहीत, गावांच्या नुसत्या पाट्या लागतात. जुन्या रस्त्यावर मलकापूरच्या अलीकडे एक चहावाल्या मावशी होत्या. त्या "या खेपेला उशीर केलास रे" असे म्हणत. आपल्या उशिराची नोंद भत्ता कापण्यासाठी नव्हे तर काळजीपोटी घेणारे कोणीतरी घराबाहेरही आहे, एवढ्यावर पुढचे शंभर किलोमीटर निघत.

"मग बायकोला फोन करत जा," असे सांगणारेही भेटतात. पहाटे तीनला? ती सकाळी सहाला डबे करून कामावर जाते. मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी दोन दिवस एका गोदामाच्या दारात उभा होतो. फोनवर तिने टक्के सांगितले आणि मागून पेढ्याच्या खोक्याचा आवाज आला. खरे सांगायचे तर चालत्या गाडीत एकटेपणा तितका लागत नाही, तो अशा उभ्या गाडीत लागतो.

चालकांच्या कामाच्या तासांचा कायदा होता, १९६१ सालचा; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. तो मला एकाही टोलनाक्यावर कधी भेटला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचे झाले, हे उत्तमच झाले (माझी गाडी त्याआधीची आहे, तो भाग वेगळा). केबिन थंड होईल, पण बाजूची सीट रिकामीच राहणार, आणि त्या रिकाम्या सीटकडे पाहून बोलणाऱ्या माणसाला वेडा समजून कोणी हसणार असेल, तर मी त्याला एवढेच विचारीन की सलग तीन रात्री तू कोणाशी बोलला असतास.

जाऊ द्या. तो मुलगा वाईट नाही, वयाने माझ्या पुतण्याएवढा असेल. त्याला एकोणतीसचा पाढा येत नसावा.

सध्या बुटीबोरीत उभा आहे. माझ्यापुढे अकरा गाड्या आहेत. शेजारच्या गाडीचा चालक तमिळनाडूचा आहे. त्याला हिंदी येत नाही आणि मला तमिळ येत नाही. मघाशी त्याने काचेवर टकटक करून काडेपेटी मागितली होती. आता त्याने स्टोव्ह पेटवला आहे आणि माझ्याकडे पाहून दोन बोटे दाखवतो आहे. दोन कप. उतरतो.