३५ डिग्रीचा फोन आणि आपलं नागपूर

पोळा-गणपतीचे दिवस आले की आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर एकच विषय निघतो. नवा आयफोन. कार्यक्रम कॅलिफोर्नियात सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. मंडळी जेवणखाण आटोपून मोबाईल धरून बसतात. पण खरी मजा त्याच्या आधी महिनाभर चालते. "यंदा घडीचा येऊन राहिला भाऊ, पक्की खबर आहे!" सॅमसंगनं घडीचा फोन २०१९ मध्येच विकायला काढला, तेव्हापासून ही पक्की खबर मी ऐकून राहिलो.

अफवांवर माझा राग नाही. बऱ्याच खऱ्या निघतात. बर्डीच्या बाजारात कव्हर विकणाऱ्या एका पोरानं मला एकदा अजून न आलेल्या फोनचं कव्हर दाखवलं होतं. कॅमेऱ्याची खिडकी ही एवढी! कव्हरवाल्यांना माप आधी लागतं, फोन आला त्या दिवशी माल नसला तर धंदा गेला. उलट कंपनी स्वतः स्टेजवरून सांगते तेही दर वेळी हाती येतं असं नाही. २०१७ मध्ये दाखवलेलं एअरपॉवर चार्जर २०१९ मध्ये गुंडाळलं. २०२४ च्या जूनमध्ये फोनमधल्या बोलक्या मदतनीसाच्या, म्हणजे सिरीच्या, हुशार अवताराचा वायदा झाला आणि पुढच्या मार्चमध्ये 'अजून वेळ लागेल' म्हणून कळवलं.

पण एका आकड्याबद्दल कोणीच अंदाज बांधत नाही. ॲपलच्याच वेबसाईटवर, स्पेसिफिकेशनच्या पानावर पार खाली लिहिलेलं असतं: वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश. बाप्पा, ३५ तर आपल्याकडे होळीच्या आसपासच होतात! २०१३ च्या मे महिन्यात नागपूरनं ४७.९ पाहिलंय. बंद फोन ठेवायची मर्यादा ४५ पर्यंत. म्हणजे ऐन मे महिन्यात दुपारी आपला बंद फोनही नियमाबाहेर.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वर्धा रोडवर एका लग्नाला निघालो. गाडीच्या होल्डरमध्ये फोन, त्यावर मॅप. (फोन कोणत्या कंपनीचा ते सोडा, ऊन काही नाव पाहून लागत नाही.) निघताना आईनं खिशात कांदा कोंबला होता, ऊन लागू नये म्हणून. अर्ध्या रस्त्यात स्क्रीन मंद झाली, मग मॅप अडकला, मग सगळंच काळं. मला ऊन लागलं नाही, फोनला लागलं. रसवंतीवर थांबलो, रुमालात गुंडाळून सावलीत ठेवला, दोन ग्लास रस होईस्तोवर साहेब काही उठले नाहीत. लग्नात पोहोचलो तेव्हा पंगत उठून राहिली होती.

२०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्ये व्हेपर चेंबर आला. आपल्याला समजायला सोपं आहे: पातळ, सीलबंद डबी, आत थेंबभर पाणी. चिपजवळ त्याची वाफ होते, थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होतं आणि परत फिरतं. कुलरमध्येही पाणीच उडतं नं, फक्त तिथं टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. माझा अंदाज असा की हळूहळू हा चेंबर साध्या मॉडेलातही येईल, त्याचं भारी ॲनिमेशन दाखवतील, गेम किती वेळ चालतो ते सांगतील. ३५ चे ४५ मात्र होणार नाहीत. चेंबर उष्णता चिपपासून बॉडीपर्यंत नेतो, पण बाहेरच ४५ असेल तर बॉडीनं ती टाकायची कुठं? आणि बॅटरी तापून म्हातारी होते, ती काही पुन्हा तरुण होत नाही.

परवा टपरीवर मी जाहीर केलं: घडीचा आला तर माझ्याकडून सगळ्यांना तर्री पोहे, ३५ चा आकडा वाढला तर सावजी, मटणासकट.

चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "तो आकडा नाही वाढत, म्हणूनच त्याच्यावर मटण लावून राहिला नं तू?"