विविधतेचे सत्कारमूर्ती कसे व्हावे

वकिली क्षेत्रात विविधता आणणारे नेते म्हणून सत्कार हवा असेल, तर वकीलसाहेब, आधी ठाण्याच्या गडकरी रंगायतनची तारीख धरा. विविधता पुढच्या वर्षीही आणता येईल, शनिवारची संध्याकाळ मिळणार नाही. नाहीच मिळाली, तर वाशीचं भावे नाट्यगृह आहे. नवी मुंबईत विविधता जरा जास्तच शोभते म्हणतात, पार्किंगमुळे असेल.

निघताना कोर्ट नाक्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घाला, फोटो काढा. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटर मंडळी त्यांना ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, द्यायला तयार नसत, हे भाषणात खुशाल सांगा. फक्त त्याच दमात आपल्या ऑफिसातल्या ज्युनिअरांची आडनावं वाचून दाखवू नका. एकाच लग्नपत्रिकेतली वाटतील.

भाषणात कॉर्नेलिया सोराबजी हव्यातच. नाशिकला जन्मलेल्या, म्हणजे टाळ्या हमखास. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा यायला १९२३ उजाडलं. इथे आवाज थोडा ओला करा. मधली एकतीस वर्षं दार आतून कोणी धरून ठेवलं होतं, त्या तपशिलात शिरू नका. पुढच्या रांगेत ज्येष्ठ वकीलच बसलेले असतात. मग सुजाता मनोहर, १९७८, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. मग फातिमा बीवी, १९८९, सर्वोच्च न्यायालय. इतकी नावं झाली की स्वतःच्या ऑफिसातलं एकही घ्यावं लागत नाही.

आता तुमची ज्युनिअर. हिच्याशिवाय विविधता फोटोत दिसणार कशी? सूत्रसंचालन तिलाच द्या. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणायचंही तिनंच, तुमचा परिचयही तिनंच लिहायचा. एरवी तिला कोर्टात तारीख घ्यायला पाठवायचं. पोटगी आणि घटस्फोटाच्या मॅटर तिच्याकडे, कारण ‘बायकांचं बायकांना बरं कळतं’. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मॅटर मात्र तुमच्याकडेच ठेवा. तिथे कळण्याचा नाही, फीचा प्रश्न असतो.

तिनं पैशाचं काढलंच, तर ठरलेलं वाक्य आहे: ‘आमच्या वेळी सिनिअर चहासुद्धा पाजत नसत.’ बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० रुपये स्टायपेंड द्यावा असं सुचवलं, हे तिनं वाचलेलं असू शकतं. घाबरू नका. ‘सुचवलं’ या शब्दावर तुम्ही दोन तास युक्तिवाद करू शकता, त्याचीच तर सनद आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सनदेचं नोंदणी शुल्क कायद्यातल्या रकमेवर आणलं: सर्वसाधारण ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी राज्याराज्यांत हजारोंनी पैसे घेत होते. म्हणजे गरिबाघरच्या पोरांसाठी दार थोडं तरी किलकिलं झालं, आणि त्यात तुमचा हात नव्हता. पण सत्काराला हात कोण तपासतं? श्रेय घ्या.

शेवटी प्रश्नोत्तरं ठेवू नका. ठेवलीच आणि मागच्या रांगेतून कुणी विचारलं, ‘सर, तुमच्या फर्ममध्ये बाई पार्टनर किती?’, तर गडबडू नका. इतक्या वर्षांची सवय कामी येईल. पक्षकाराकडून सूचना घेण्यासाठी मुदत मागा.