सव्वीस म्हणजे काही ‘वय झालं’ नव्हे

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पंचविशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतं, म्हणून पोट सुटतं. भात बंद करा, रोज अनशापोटी मध-लिंबूपाणी घ्या. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५च्या आत असेल तर काळजी नको. बाकी सगळा आळस.’ तो वाचून माझा सव्वीस वर्षांचा भाचा म्हणाला, “मावशी, आता वयच झालं गं.” मला फार वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

आधी वयाचं. २०२१ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४००हून अधिक लोकांचा अभ्यास आला. शरीराची ठेवण हिशेबात धरली, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च, म्हणजेच मेटाबॉलिझम, जवळपास सारखाच राहतो. म्हणजे पंचविशीत आत काही बंद पडत नाही. बदलतो तो दिवस.

भाच्याचाच बघा. साताऱ्यात सायकलवर कॉलेजला जायचा, नऊला आईच्या हातचं जेवायचा. आता हिंजवडीत दुपारी एक ते रात्री दहाची शिफ्ट, दारात कॅब. शिफ्टमध्ये दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा, म्हणजे चाळीसेक ग्रॅम साखर. साडेअकराला बाहेरून मागवलेलं जेवण, झोपायला दोन, आणि सकाळी आठला रूममेटच्या आवराआवरीने जाग. अडीच वर्षांत नऊ किलो वाढला. भागून बघितलं तर दिवसाला जेमतेम दहा ग्रॅम. इतकी सावकाश वाढ पँट घट्ट होईपर्यंत कळत नाही.

याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. २०१९मध्ये अमेरिकेत वीस जणांना दोन आठवडे पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडे हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि पंधरवड्यात जवळपास एक किलो वाढले. झोपेचंही तसंच. शिकागोत साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या तरुणांची झोप तासाभराने वाढवली, तर त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी आपोआप उतरलं. डाएट सांगितलंच नव्हतं.

भाताचं म्हणाल, तर शंभर ग्रॅम तांदूळ आणि शंभर ग्रॅम कणीक यांत कॅलरी जवळपास सारख्याच. भात सोडून पोळ्या दोनाच्या चार केल्या तर काय साधलं? आमटी-भातात उसळ आणि भाजी वाढवा, भात आपसूक कमी होतो. मधाच्या एका मोठ्या चमच्यात साठेक कॅलरी असतात, त्याने चरबी वितळत नाही.

बीएमआयचा मुद्दा मात्र धोक्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपण भारतीय सडपातळ दिसलो तरी आत चरबी जास्त असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३पासूनच जपायचं, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० ओलांडू द्यायची नाही.

भाच्याशी बोलून तीन गोष्टी ठरवल्यात. रात्रीच्या जेवणाचा डबा सोबत न्यायचा आणि आठच्या ब्रेकला जेवायचं, चहा दोनच आणि अर्ध्या साखरेचे, घरी आल्यावर मोबाईल लांब ठेवून साडेबाराला आडवं व्हायचं. शिवणाच्या डब्यातली टेप त्याला देऊन ठेवलीय. काल त्याचा फोन आला: कंबर ९४. भात चालू आहे.